जहाजाआधीचं टपाल

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी एन्नो रेमर्स मासळीबाजारातून घरी आला, तेव्हा त्याच्या जागेसमोर चहा ओतून ठेवलेला होता आणि तो पार निवून गेला होता. तालेयाच्या हातून असं कधी होत नसे. नवराबायको दोघंही पूर्व फ्रिसिया या उत्तरेच्या समुद्रकाठच्या मुलखातले, आणि तिकडच्या माणसांचं चहाचं वेड असं, की पेल्यात खडीसाखरेचा खडा, त्यावर कढत चहा, मग कडेनं अलगद सोडलेली साय, हे सगळं माणूस खुर्चीत टेकल्यावरच व्हायचं, त्याआधी नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात एन्नोच्या वाट्याला निवलेला चहा आला नव्हता.

"कुणी आलं होतं का?" त्यानं विचारलं.

"तूच आलास की," तालेया म्हणाली. ती ओट्यापाशी फडकं पिळत उभी होती. "जिना चढलास, पायपुसण्यावर बूट घासलेस, किल्ली फिरवलीस. मी चहा ओतून मागं वळते, तर कुणी नाही. म्हटलं, काही विसरला असेल, गेला असेल परत खाली."

"शेजारचा असेल."

"शेजारच्याचं चालणं आणि तुझं चालणं मला वेगळं कळत नाही होय?" ती हसली. "म्हातारी झाले मी, दुसरं काय."

एन्नोनं कागदात गुंडाळलेली मासळी ओट्यावर ठेवली आणि तो गार चहा पिऊन टाकला. संध्याकाळपर्यंत दोघंही ते विसरले.

एन्नो सहासष्ट वर्षांचा होता. ब्रेमरहाफनच्या बंदरातल्या जकात कचेरीतून निवृत्त झालेला, आणि डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावेल असा माणूस. ती गोष्ट म्हणजे गोफणीचं टपाल. तो विशीत असताना या बंदरातून न्यूयॉर्कला जाणाऱ्या दोन मोठ्या जहाजांवर, दोन धुराड्यांच्या मधल्या जागेत, एक लहानसं विमान ठेवलेलं असे. किनारा अजून दिवसभराच्या अंतरावर असतानाच ते विमान, गोफणीतून दगड सुटावा तसं, रुळांवरून समुद्रावर भिरकावलं जाई आणि टपालाच्या पिशव्या घेऊन पुढे निघून जाई. जहाज आपलं मागून येई. ते धक्क्याला लागेपर्यंत त्यावरच्या माणसांची पत्रं शहरात पोचून, वाचून झालेली असत. सहा-सात वर्षं हे चाललं आणि मग बंद पडलं. त्या पत्रांची पाकिटं, जांभळ्या, तांबड्या, हिरव्या शाईत गोफण-उड्डाणाचा शिक्का असलेली, एन्नो पंचेचाळीस वर्षं जमवत होता. एकूण उड्डाणं दोनशेच्या आसपास झाली असतील. त्यांतली अकरा सोडली तर सगळ्यांची पाकिटं त्याच्याकडे होती. आतल्या मजकुराशी त्याला देणंघेणं नव्हतं. बहुतेक पाकिटं रिकामीच मिळत, आणि एखाद्यात पत्र निघालंच तर ते न वाचता तो वेगळ्या खोक्यात टाकून देई. त्याला हवी असे ती तारीख, शाईचा रंग, आणि मागच्या बाजूचा पोचल्याचा शिक्का.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संग्राहकांची सकाळची बैठक होती. धुक्यामुळे ट्राम रखडली, आणि बंदराजवळच्या त्या खाणावळीच्या मागल्या दालनात एन्नो पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. मंडळाचा अध्यक्ष बेनकेन, जहाजावर आचारी म्हणून जन्म काढलेला धिप्पाड गृहस्थ, टेबलावर पाकिटं मांडून बसला होता.

"काय रे, परत आलास?" बेनकेन म्हणाला. "टोपी विसरलास का?"

"परत म्हणजे? आत्ता येतोय मी."

"असं होय. मग साडेदहाला इथं उभं राहून माझ्या पाकिटाला नावं ठेवणारा तुझा बाप असेल." त्यानं एक पाकीट पुढे सरकवलं. "शिक्क्यातलं तिसरं अक्षर तुटकं आहे म्हणालास. भिंग लावून पाहिलं, निघालं तुटकं."

एन्नो वाकला. तिसऱ्या अक्षराचा खालचा पाय खरोखरच तुटलेला होता. त्यानं ते पाकीट आजच पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि पाहताक्षणी तो हेच बोलला असता.

"आणि माझ्या गुडघ्याचीही चौकशी केलीस," बेनकेन म्हणाला. "घरी जाऊन बायकोला सांगणार आहे मी. तीस वर्षांत रेमर्सनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, पाकिटाकडे नाही."

बेनकेन सकाळपासूनच बिअर घेतो, असं एन्नोनं मनाशी म्हटलं. पण परतीच्या ट्राममध्ये त्याचं लक्ष खिडकीबाहेर लागेना. पुढच्या डब्यात पाठमोरी बसलेली माणसं तो एकेक करून न्याहाळत राहिला, आणि आपण कुणाला शोधतो आहोत हे लक्षात आल्यावर त्यानं मान खाली घातली. घरी तालेयानं दार उघडलं आणि ती जरा गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिली. तासाभरापूर्वी तो घरात शिरला होता, आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं होतं, असं ती म्हणाली. या वेळी ती हसली नाही. तिनं नुसतं त्याच्या कोटाला हात लावून पाहिला. कोट धुक्यानं ओला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याला कुक्सहाफनला जायचं होतं. तिथं श्टेलिंग नावाच्या बाई राहत. त्यांचे दिवंगत यजमान त्या दोन टपाल-विमानांच्या जहाजांपैकी एकावर वाढप्याचं काम करत आणि प्रवासात बायकोला पत्रं लिहीत. त्यांतलं एक पत्र एन्नोकडे नसलेल्या अकरांपैकी एका उड्डाणानं आलं होतं. चार महिने पत्रव्यवहार करून एन्नोनं बाईंना विकायला राजी केलं होतं, आणि त्यांनी बुधवारी दुपारी यायला सांगितलं होतं. बुधवारी तो वेळेच्या आधी दहा मिनिटं त्यांच्या दाराशी उभा होता.

बाईंनी दार उघडलं, आणि ओळखीचं माणूस पाहिल्यासारख्या त्या हसल्या. "काही राहिलं का तुमचं, रेमर्स?"

"आपण आज भेटायचं ठरलं होतं," एन्नो म्हणाला. "मी पाकिटासाठी आलोय."

"पण ते तर काल झालं ना सगळं बोलून." बाईंच्या कपाळावर बारीक आठी आली. "काल चार तास बसला होतात तुम्ही या खुर्चीत."

काल एन्नो दिवसभर आपल्याच गावातल्या जहाजांच्या संग्रहालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळत बसला होता. तसं त्यानं सांगितलंही. बाईंनी ते ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वासापेक्षा काळजी अधिक दिसत होती. बाहेर वारा होता म्हणून त्यांनी त्याला आत घेतलं. टेबलावर लोण्याचा केक झाकून ठेवलेला होता आणि त्यातला मोठा तुकडा कापून नेलेला होता.

"तुम्हीच म्हणालात, पत्र बाहेर काढा आणि मला वाचून दाखवा," बाई म्हणाल्या. "चव्वेचाळीस वर्षांत मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. वाचता वाचता मला रडू आलं, तर तुम्ही थांबलात. घाई केली नाहीत. मग म्हणालात, श्टेलिंगबाई, हे विकू नका. हे तुमच्यापाशीच राहू द्या."

"मी असं म्हणणार नाही," एन्नो म्हणाला. "त्या पाकिटासाठी मी वीस वर्षं थांबलोय."

"म्हणालात की." त्या हळू आवाजात बोलत होत्या, आजारी माणसाशी बोलावं तसं. "तुम्हाला बरं नाही का? काल किती वेगळे दिसत होतात. जरा बसा, पाणी देऊ का?"

पाकीट त्यांनी दाखवलंसुद्धा नाही. एन्नो स्टेशनवर आला आणि गाडीत बसला. डोरुम गाव मागं पडलं, ओल्या कुरणांत उभ्या असलेल्या गाई मागं पडल्या, आणि त्याला कळलं की आपल्याला पाकीट गेल्याचं दुःख होत नाहीये. ज्या माणसानं त्या खुर्चीत बसून चार तास एका परक्या बाईचं ऐकून घेतलं, तो आता कुठं असेल, एवढा एकच विचार त्याला डब्यात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फेऱ्या घालायला लावत होता.

घरी पोचायला पाच वाजले. तालेया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ठेवणीतला निळा पोशाख घातला होता, आणि गालांवर रंग चढला होता.

"तू पुन्हा बाहेर कधी गेलास?" तिनं विचारलं. "आत बूट काढायला गेला होतास ना?"

"कधी आलो होतो मी?"

"एक वाजता. असं काय विचारतोस?"

एन्नो आतल्या खोलीत गेला. खोली रिकामी होती. पलंगाच्या त्याच्या बाजूला, कडेला कुणी बसून नुकतंच उठल्यासारखी खळगी पडली होती. त्यानं तिथं तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. जागा ऊबदार होती.

तालेया त्याच्या मागोमाग दारापर्यंत आली. "एन्नो," ती म्हणाली, "आज तू वीबकेचं नाव घेतलंस."

त्या घरात ते नाव अठ्ठावीस वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं. वीबके त्यांची एकुलती एक मुलगी. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात, युद्धानंतरच्या कोळसा नाही, पीठ नाही अशा दिवसांत, तिला घटसर्प झाला. सहा वर्षांची होती. औषध ब्रेमेनमध्ये एका माणसाकडे होतं आणि त्याला नोटा नको होत्या, वस्तू हवी होती. एन्नो आपल्या संग्रहातली बारा पाकिटं घेऊन सकाळच्या गाडीनं गेला. त्या माणसानं बाराही पाहिली आणि त्यांतल्या एकावर बोट ठेवलं: जांभळ्या शिक्क्याचं, एकुलतं, ज्याचं जोडीदार पाकीट जगात कुणाकडे असल्याचं एन्नोला ठाऊक नव्हतं. ते सोडून बाकीची अकरा घ्या, असं एन्नो म्हणाला. तो माणूस नाही म्हणाला. एन्नो पुन्हा म्हणाला. असं दोन तास चाललं, आणि शेवटी त्या माणसानं कंटाळून अकरा पाकिटं घेतली. तोवर गाडी निघून गेली होती, आणि दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी होती. तो औषध घेऊन घरी पोचला, तेव्हा शेजारच्या बायका जिन्यात उभ्या होत्या. तालेयाला त्यानं एवढंच सांगितलं, की बर्फामुळे गाड्या बंद होत्या. जांभळ्या शिक्क्याचं पाकीट पहिल्या वहीत, सातव्या पानावर होतं, आणि ते पान तो कुणाला दाखवत नसे.

"काय बोललो मी?" त्यानं विचारलं.

"सगळं." तालेया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "त्या पाकिटाचंही. मला वाटायचं, असं काही कधी कानांवर आलं तर मी घर सोडून जाईन. पण तू माझा हात धरला होतास, आणि मला कसला राग म्हणून येईना. माफ केलं म्हटलं मी तुला. मनापासून म्हटलं."

एन्नोनं कपाट उघडलं, पहिली वही काढली आणि सातवं पान उलटलं. पारदर्शक खिसा रिकामा होता.

"तूच दिलंस ना माझ्या हातात," ती म्हणाली. "माझ्याजवळ आहे. राहू दे माझ्याजवळ."

"तालेया, तो मी नव्हतो."

"मग कोण होतं?" तिनं विचारलं.

एन्नो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला. खाली मान घालून म्हणाला, "ते एकदा मला म्हण. माफ केलं म्हणून."

"एकदा म्हटलंय ना," तालेया म्हणाली, आणि दुपारी केलेला केक कापायला गेली.

पुढचे तीन आठवडे एन्नोला एका जागी बसवेना. आयुष्यभर त्यानं तारखा आणि वेळा जुळवण्याचंच काम केलं होतं. आताही तो तेच करू लागला. मासळीबाजारातून परतताना तो दुसरा अर्धा तास आधी घरी येई. बैठकीहून परतताना तासभर. कुक्सहाफनहून चार तास. म्हणजे आपण घरापासून जितके लांब जाऊ, तितका तो लवकर पोचणार आणि तितका जास्त वेळ तिच्यापाशी थांबणार. हे ध्यानात आल्यावर त्यानं जवळच्या जवळ जायला सुरुवात केली. पावाच्या दुकानापर्यंत जाऊन धावत परत यायचा. कधी कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंतच. छातीत धाप लागलेली असे, हातात किल्ली तयार असे, आणि दार उघडलं की तालेया म्हणे, "अरे, आत्ता तर आत आलास." टेबलावर दोन पेले असत.

एकदा तो नुसताच खालच्या फाटकापर्यंत गेला आणि लगेच उलटा फिरून जिना चढू लागला. तिसऱ्या मजल्याच्या आधीच्या वळणावर त्याची पावलं थबकली. बंद दाराआडून बोलणं ऐकू येत होतं. तालेया काहीतरी सांगत होती, आणि मधून मधून एक पुरुषी आवाज तिला हुंकार देत होता. शब्द कळत नव्हते. मग ती हसली. असं घसा मोकळा करून हसताना त्यानं तिला ऐकलं होतं ते वीबके लहान असताना. किल्ली त्याच्या हातातच होती. चार पायऱ्या चढून दार उघडायचं होतं, आणि त्यानं ते केलं नाही. कठड्याला धरून तो तिथंच बसून राहिला आणि ऐकत राहिला. खालच्या मजल्यावरची बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली आणि "बरं वाटत नाही का?" म्हणून विचारू लागली, तेव्हा कुठं तो उठला. आत तालेया एकटीच होती. आतल्या खोलीचं दार हळूच लागल्याचा आवाज त्यानं ऐकला. उघडून पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून एन्नोनं बाहेर जाणं बंद केलं. सामान दुकानाच्या माणसाकडून वर मागवलं. बेनकेनचा टेलिफोन आला, तर सर्दी झाल्याचं सांगितलं. मी गेलोच नाही, तर येणार कोण, असा त्याचा साधा हिशोब होता, आणि तो बरोबर ठरला. जिन्यात पावलं वाजेनाशी झाली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो तालेयासमोर बसून होता, आणि टेबलावर दोनच पेले असत, त्याचा आणि तिचा.

तिसऱ्या दिवशी तालेयानं निळा पोशाख कपाटात ठेवून दिला. मग ती खिडकीशी उभी राहू लागली. गेस्टे नदीवर पातळ बर्फ धरलं होतं, धुक्यात कुठल्या तरी बोटीचा भोंगा वाजत असे, आणि तो भोंगा थांबला की ती मान जरा तिरकी करून जिन्याकडे कान देई. जेवताना एन्नो काही विचारी, तर ती उत्तर देई, पण नेमकं तेवढंच. कोबी शिजला आहे का, तर हो. बटाटे आणखी हवेत का, तर नको.

एका दुपारी त्यानं धीर केला. पहिली वही टेबलावरून बाजूला सरकवली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आठवतं, ती त्या निळ्या टोपीत धक्क्यावर यायची, जहाजं बघायला?"

तालेयाचा हात त्याच्या हातात पडून राहिला.

"पांढरी," ती म्हणाली. "टोपी पांढरी होती."

"हो. पांढरी. आणि तिला भोंग्याची भीती वाटायची..."

"भीती नाही वाटायची तिला. ती वाट बघायची, कधी वाजतो म्हणून." तिनं हात सोडवून घेतला, पण रागानं नाही, रुमाल घडी करावा तशा सवयीनं. "राहू दे, एन्नो. तुला जमत नाही ते. चहा टाकते."

त्याला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, की बाई गं, त्या दिवशी वीबकेचं ते सगळं मीच सांगितलंय तुला, माझ्याच तोंडून आलंय ते. पण ते त्याच्या तोंडून आलं नव्हतं. तो वह्यांकडे गेला आणि एकेक पाकीट काढून त्यांवरचे शिक्के पाहत बसला. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की विमानानं आलेली पत्रं वाचून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी जहाजानं आलेल्या पिशव्या त्या लोकांनी उघडून तरी पाहिल्या असतील का.

बाराव्या दिवशी सकाळी त्याला जाग आली, तेव्हा तालेया आधीच उठून कामाला लागली होती. स्वयंपाकघरातून पावाला लोणी लावण्याचा आवाज येत होता. तो बाहेर आला. तिनं काळ्या पावाच्या चार चकत्या कागदात बांधून ठेवल्या होत्या, थर्मासमध्ये चहा भरला होता, आणि त्याचा जाड कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून त्याच्या खिशात हातमोजे कोंबत होती. निळा पोशाख तिच्या अंगावर होता.

"हे काय?" एन्नोनं विचारलं.

"जरा बाहेर जाऊन ये."

"कुठं जाऊ?"

"कुठंही जा. ब्रेमेनला जा. बेनकेनकडे जा." ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "बारा दिवस झाले घरात बसून आहेस."

"मला नाही जायचं, तालेया. मी इथंच बरा आहे. तुझ्याजवळ."

तेव्हा तिनं वर पाहिलं. तिच्या नजरेत वेड नव्हतं, भीतीही नव्हती. वाळत घातलेले कपडे आत घ्यायला हवेत, हे सांगावं इतक्या सरळ आवाजात ती म्हणाली, "पण तू बाहेर गेल्याशिवाय तो येणार कसा?"

एन्नोनं कोट घातला. गळ्याभोवती मफलर गुंडाळायला तिनं मदत केली, गाठ नीट बसते का हे दोन बोटांनी पाहिलं, आणि पावाचं पुडकं त्याच्या हातात दिलं. उभ्या आयुष्यात तिनं त्याला इतक्या मायेनं निरोप दिला नव्हता. सत्तेचाळीस साली औषधाला पाठवताना तर दोघांनाही निरोपाची शुद्ध नव्हती.

स्टेशनवर ब्रेमेनची गाडी उभी होती. तो चढला, खिडकीशी बसला. गाडी हलली. आता ती खिडकीशी उभी असेल. आता भोंगा थांबल्यावर तिनं मान तिरकी केली असेल. दर मिनिटाला तो घरापासून लांब जात होता, आणि दर मिनिटागणिक तो दुसरा त्यांच्या जिन्याच्या आणखी जवळ येत होता, कदाचित दारातही पोचला असेल, पायपुसण्यावर बूट घासत असेल. लॉक्सश्टेटला गाडी थांबली आणि एन्नो उतरून गेला. समोरच्या फलाटावर परतीची गाडी यायला चाळीस मिनिटं होती. ती चाळीस मिनिटं तो फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. पुडकं त्यानं उघडलं नाही.

घराच्या खाली तो पोचला, तेव्हा दुपारचा एक वाजत होता. बर्फ भुरभुरत होतं. तीन मजले त्यानं न थांबता चढून काढले. दारापाशी उभं राहून किल्ली काढली, आणि ती लावायच्या आधीच दार वीतभर उघडलं. तालेया फटीत उभी होती. तिचे गाल तापले होते, केसांची एक बट सुटून कानामागं अडकली होती. तिच्या मागं, स्वयंपाकघरात, कुणीतरी खुर्ची सरकवून उठलं आणि तिथंच थांबलं.

"एवढ्यात आलास?" ती कुजबुजली.

एन्नोची धाप अजून ओसरली नव्हती. तालेयानं हात बाहेर काढून त्याच्या कॉलरवरचं बर्फ झटकलं, मफलरची सैल झालेली गाठ पुन्हा आवळली. आतून तिच्या नावानं कुणी हाक मारली, अगदी हळू. "आले रे," तिनं मान वळवून उत्तर दिलं. मग ती पुन्हा एन्नोकडे वळली आणि दार अलगद लोटत म्हणाली,

"या वेळी जरा लांबची गाडी धर."